भाकर मोडणारा हात

"झगा राहू द्या, पाळकसाहेब," जगधने गुरुजी म्हणाले. "आज सर येणार आहेत."

माझा एक हात बाहीत गेलेला होता आणि दुसरी बाही पाठीवर लोंबत होती. देवळामागच्या त्या चिंचोळ्या खोलीत, माझ्या बायकोने, रजनीने, सकाळीच इस्त्री केलेल्या पांढऱ्या झग्याचा कढत वास अजून रेंगाळत होता.

"कोण सर?"

"कोण म्हणून काय विचारता? बेलवंडीकर सर. तुमचेच गुरू." गुरुजी निवृत्त मुख्याध्यापक आणि निंबेगावच्या मंडळीचे थोरले पंच होते. साधी सूचनाही त्यांच्या तोंडून हजेरी घेतल्यासारखी येई. "महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन असतं. त्याला वजनदार माणूस असावा, असं पंचमंडळात ठरलं. तुम्ही नवीन आहात. तुम्ही गायनं सांगा, शास्त्रपाठ वाचा. मेज सर बघतील."

"पण गुरुजी, माझी दीक्षा झालीय."

"झालीय की! आम्ही नाही कुठं म्हणतो?" ते हसले, आणि एखाद्या मुलाचं दप्तर उतरवून घ्यावं तशी त्यांनी माझ्या खांद्यावरची बाही अलगद उतरवून घेतली.

माणसाचा राग वयाबरोबर निवळतो, असं म्हणतात. माझा निवळलेला नाही. त्याला इतक्या वर्षांत फक्त शिस्त आली आहे.

त्या मे महिन्यात ज्येष्ठ पाळकांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून मला दीक्षा दिली होती. त्या अनेक हातांत बेलवंडीकर सरांचा हात मी ओळखला होता. इतर हात उचलले गेल्यावरही तो जरा वेळ तसाच राहिला, आणि तेव्हा मला ती माया वाटली होती. मी मराठी घेऊन एम. ए. झालेला, नवकवितेच्या काळोखात बरीच वर्षं डोळे फोडून घेतलेला माणूस. शब्दांनी मला एवढं भरून टाकलं होतं की शब्द संपतात ती जागा कुठे आहे, हे शोधत मी धर्मविद्यालयात गेलो. ती जागा मला मेजाशी सापडली. तिथे पाळक भाकर हातात घेतो, मोडतो, आणि देतो. आजाऱ्याजवळ बसणं, उपदेश करणं ही कामं दीक्षेवाचूनही करता येतात. मेजाशी उभं राहण्यासाठी मात्र दीक्षा लागते. मला ते एकच काम हवं होतं, आणि पहिल्याच पहिल्या रविवारी ते माझ्या हातून काढून घेतलं गेलं होतं.

सर साडेनऊच्या एस्टीतून उतरले. बंद गळ्याचा पांढरा कोट, तपकिरी चामड्याची बॅग, आणि ज्याच्यापुढे आम्ही वर्षानुवर्षं मान खाली घालून बसलो तो आवाज. मला पाहून त्यांनी खांद्यावर थाप मारली.

"काय वैराळ, रमलात का?"

"रमतोय, सर."

"छान मंडळी आहे. गुणी माणसं आहेत," ते म्हणाले, आणि माझाच झगा अंगात घालून मेजाकडे गेले. त्यांना तो आखूड होत होता.

दुपारचं जेवण गुरुजींच्या घरी होतं. मटणाचा रस्सा, बाजरीची भाकरी, कोशिंबीर. सरांना पाट, आम्हाला सतरंजी. सर त्या वर्षीच्या कामाविषयी बोलत होते. सोमवार ते शुक्रवार वर्ग, शनिवारी भाषांतर समितीची बैठक, मग पाळकांचं शिबिर, तरुणांचा मेळावा, दोन नव्या देवळांचं समर्पण, कुठे उपवास-प्रार्थना, कुठे कुणाच्या आईची माती.

"या वर्षात एक रविवार घरी मिळालेला नाही, गुरुजी."

"तुमची डायरी म्हणजे एस्टीचं वेळापत्रक," गुरुजी म्हणाले. "फरक एवढाच की तुम्ही वेळेवर येता."

सगळे हसले. सरही हसले. ओट्यावर बसलेला कुणीतरी शेजाऱ्याला सांगत होता, सरांचे आजोबा म्हणे पुण्याचे मोठे शास्त्री होते, वेद पाठ होते, तरी प्रभूकडे आले. सरांच्या कानापर्यंत ते गेलं असणार. त्यांनी रश्श्यात भाकरी कुस्करली.

मग गुरुजी माझ्याकडे वळले. "पाळकसाहेब, तुमचं मूळ गाव कोणतं म्हणालात?"

मी सांगितलं.

"हां. आणि मामा कोण तुमचे?"

मी मामांचं आडनाव सांगितलं, गाव सांगितलं. गुरुजींनी "अस्सं, अस्सं" केलं, आणि आतल्या बाजूला पाहून म्हणाले, "अगं, सरांना रस्सा वाढ."

निंबेगावात ख्रिस्ती माणसांच्या दोन आळ्या होत्या, मूळच्या दोन जातींच्या. देवळाला लागून वरची आळी, आणि ओढ्याच्या काठाला ओढ्याची आळी. दोन्ही आळ्यांच्या पणज्यांना गावाने कुसाबाहेर ठेवलं होतं, दोन्ही एकाच दुष्काळानंतर एकाच धर्मगुरूकडून बाप्तिस्मा घेऊन आल्या होत्या. रविवारी वरच्या आळीने पुढची बाकं भरायची आणि ओढ्याच्या आळीने दाराजवळची. प्रभुभोजनासाठी वेदीपुढच्या कठड्याशी गुडघे टेकायला आधी पुढची बाकं उठत, ती परतली की मागची. कुणी तसं सांगत नसे. ओढ्याच्या आळीतले मोशेबाबा सगळ्यांत शेवटी येत. एके काळी ते बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. आता गुडघे गेले होते. कठड्याशी वाकता वाकता ते दर वेळी मोठ्याने म्हणत, "थांबा वो सर, गाडी येतीय अजून!" आणि लहान मुलं फिदीफिदी हसत.

ऑगस्टमध्ये सर आले. सप्टेंबरमध्ये आले. ऑक्टोबरमध्ये त्यांना ताप होता, तरी आले, आणि गुरुजींनी त्यांच्या त्यागावर छोटंसं भाषण केलं. मी गायनं सांगत होतो, शास्त्रपाठ वाचत होतो. उरलेल्या दिवशी मी त्या गावाचं सगळं ओझं वाहत होतो: टायफॉइडच्या पोरांजवळ बसत होतो, भावाभावांची बांधावरची भांडणं सोडवत होतो. गुरुजींची आई गेली तेव्हा भर पावसात तिला माती मी दिली. माझ्या हाताने लोटलेल्या त्या ढेकळांचा पेटीवर झालेला आवाज मला अजून ऐकू येतो. त्या दिवशी गुरुजी माझ्या गळ्यात पडून रडले होते.

"तुला खरंच कळत नाही, की कळून घ्यायचं नाही?" रजनी एकदा म्हणाली. ती तालुक्याच्या दवाखान्यात नर्स होती आणि माणसांच्या जखमा ती माझ्यापेक्षा लवकर ओळखायची.

"काय कळायचंय?"

"काही नाही. तू कविता वाच."

नोव्हेंबरात मी शहरात धर्मविद्यालयात गेलो. सरांचा वर्ग चालू होता. मी मागच्या बाकावर बसलो. ते प्रभुभोजनावरच शिकवत होते. मेजाचं माहात्म्य देणाऱ्याच्या योग्यतेत नाही, घेणाऱ्याच्याही नाही, असं ते सांगत होते. जे मोडलं जातं त्याच्यात ते आहे, आणि म्हणून त्या मेजाशी माणसाला वरची-खालची जागा असू शकत नाही. त्यांचा आवाज उन्हात धरलेल्या काचेसारखा होता, त्यातून पलीकडचं सगळं स्वच्छ दिसे. पोरं भराभर लिहून घेत होती. मीही एके काळी हेच लिहून घेतलं होतं.

तास संपल्यावर मी त्यांना व्हरांड्यात गाठलं.

"सर, मला मेजाशी उभं राहू देत नाहीत."

"कोण देत नाही? मी येतो म्हणून तुम्ही थांबता. तो वडीलधाऱ्यांचा मान झाला."

"मग पुढच्या महिन्यात तुम्ही येऊ नका."

ते चालता चालता थांबले. समोरून जाणाऱ्या दोन विद्यार्थ्यांनी नमस्कार केला. तो त्यांनी हसून घेतला आणि ती मुलं जिन्याखाली उतरेपर्यंत ते हसू चेहऱ्यावर तसंच ठेवलं.

"वैराळ, तुम्ही कवितेतले माणूस. तुम्हाला प्रत्येक गोष्ट फार लागते. मंडळीला वेळ द्यावा लागतो. ती हळूहळू तयार होते."

"कशाला तयार होते, सर?"

त्यांनी डायरी उघडली आणि पानावरून बोट फिरवलं. "मला उशीर होतोय. नाताळनंतर सविस्तर बोलू."

नाताळनंतर ते बोलले नाहीत. नाताळातही मेज त्यांनीच चालवलं.

फेब्रुवारीत एका दुपारी गुरुजी आमच्या ओसरीवर आले. रजनीने चहा आणला. ईस्टरला सरांचा जाहीर सत्कार करायचा, शाल-श्रीफळ द्यायचं, आणि त्याच दिवशी पंचमंडळाचा ठराव वाचून दाखवायचा, असं त्यांनी मला सांगितलं. ठराव असा, की इथून पुढे निंबेगावचं प्रभुभोजन कायमचं बेलवंडीकर सरांकडे राहील.

"आणि मी?"

"तुम्ही आहातच की. तुमच्या कामाबद्दल एका शब्दाची तक्रार नाही. इतका कष्टाळू पाळक आम्हाला आजवर मिळाला नव्हता."

"गुरुजी, तुमच्या आईला माती मी दिली."

"दिलीत. जन्मभर विसरणार नाही."

"मातीला माझा हात चालतो. भाकरीला का चालत नाही?"

गुरुजींनी ओढ्याच्या दिशेला पाहिलं. मग त्यांनी आवाज उतरवला, आणि तो आवाज खरोखरच प्रेमळ होता. तेच मला आजही सहन होत नाही.

"तुम्ही बोलायला लावताय, तर ऐका. राग मानू नका. मी स्वतः असलं काही मानत नाही. पण आमच्या वरच्या आळीतल्या बायाबापड्यांना जड जातं. खाण्यापिण्याची गोष्ट आहे ना ती. तुम्ही मामांचं आडनाव सांगितलंत तेव्हाच ओळखलं होतं. म्हटलं, एवढा हुशार मुलगा, आणि निघाला ओढ्याच्या आळीवाल्यांपैकीच. जुनी माणसं आहेत, साहेब. ती मरेपर्यंत तरी सांभाळून घ्या."

"आणि सरांच्या हातचं त्यांना जड जात नाही?"

"सरांचं काय विचारता! ते शास्त्र्याचं घराणं."

रजनी दारात उभी होती. "गुरुजी, चहा गार झाला."

"आत्ताच घेऊन आलोय, बाई."

"तुम्ही नेहमी आत्ताच घेऊन आलेले असता. मला वाटायचं माझ्या हाताला साखरेचा अंदाज नाही." तिने कप उचलला. वर साय धरली होती. "बरं झालं, आज कारण तरी कळलं."

गुरुजी गेल्यावर मी कितीतरी वेळ ओसरीच्या खांबाला टेकून उभा होतो. गावाने आमच्या पणज्यांना कुसाबाहेर ठेवलं, आणि आम्ही त्या बाहेरच्या जागेत आणखी एक कूस बांधलं. त्याच्यावर क्रूस लावला, रविवारी घंटा वाजवली. इतकी वर्षं मी ज्या कवितांत अंधार शोधत होतो, त्यांतला एकही अंधार या एका न प्यायलेल्या चहाएवढा दाट नव्हता.

मी ठरवलं, सरांना हे कळलं पाहिजे. त्यांच्या नावाचा, त्यांच्या विद्वत्तेचा कुणी असा वापर करतंय, हे ऐकून ते पेटून उठतील. गुरूविषयीचा विश्वास हा माणसाच्या मनातला सगळ्यात चिवट भाबडेपणा असावा.

ईस्टरच्या आदल्या दिवशी दुपारीच सर गावात आले. बॅग गुरुजींकडे ठेवून ते चालत आमच्या घरी आले. वर्षभरात पहिल्यांदाच. रजनीने चहा दिला. त्यांनी तो बशीत ओतून, फुंकर घालून, शेवटच्या थेंबापर्यंत प्यायला. मग मी त्यांना सगळं सांगितलं: मामा, वरची आळी, जड जाणं, शास्त्र्याचं घराणं. ते चकित झाले नाहीत.

"तुम्हाला माहीत होतं," मी म्हणालो.

"अंदाज होता."

"पहिल्या दिवसापासून?"

"वैराळ, मला जवळजवळ प्रत्येक गावातून याचसाठी बोलावतात," सर म्हणाले. "कुठे पाळक चालत नाही, कुठे उपदेशक. माझं वर्षभर जे फिरणं चालतं, ते तुम्हाला काय वाटलं, माझ्या प्रवचनांसाठी?"

त्यांनी रिकामी बशी कपाखाली सरकवली.

"माझे आजोबा बेलवंडीत हलगी वाजवायचे," ते म्हणाले. "लग्नातही, मढ्यापुढेही. वडिलांना मिशनच्या बोर्डिंगात घातलं. तिथे आडनाव विचारलं, त्यांनी गावाचं नाव सांगितलं. पुढे लोकांनी हवं ते समजून घेतलं. मला आजवर कुणी मामा विचारलेला नाही. मी कुणाशी खोटं बोललेलो नाही."

रजनीचा हात पदराच्या टोकाशी थांबला. मला क्षणभर आनंदच झाला. वाटलं, हा माणूस माझा आहे. पाठोपाठ जो संताप आला, त्याने तो आनंद समूळ उपटून काढला.

"मग उद्या सांगा त्यांना. सत्काराला उभे राहाल तेव्हा एक वाक्य बोला. वर्षभर तुम्ही ज्या हातचं खाल्लं तो हात हलगीवाल्याच्या नातवाचा आहे, एवढंच."

"आणि मग? सगळी गावं दारं लावतील. शिबिरं, मेळावे, भाषांतर, सगळं थांबेल. माझ्या मुलीचं लग्न ठरलंय. आणि एक विसरू नका. तुमच्या प्रवेशाच्या वेळी समितीत कोण भांडलं होतं? मी आत होतो, म्हणून तुम्ही आत आलात."

"मी आत कुठे आलोय, सर? मी तर ओसरीवर आहे. तुम्हीच मला तिथे धरून ठेवलंय, दर महिन्याच्या पहिल्या रविवारी."

"तुम्ही तरुण आहात," ते उठत म्हणाले.

"सर," रजनी म्हणाली, "वर्षभर या गावात जेवलात. आज आमच्याकडे जेवा."

"गुरुजींकडे सांगून ठेवलंय, बाळ," ते म्हणाले, आणि चप्पल घालताना त्यांनी तिच्याकडे पाहिलं नाही.

ते वळणापलीकडे गेल्यावर रजनीने विचारलं, "उद्या तू सांगणार आहेस?"

"नाही."

"का? एका वाक्यात सगळ्यांची तोंडं बंद होतील."

"होतील. मग आज माझ्याकडे बघतात तसं ते सरांकडे बघतील. मला माझा हात वर न्यायचाय, रजनी. त्यांचा खाली आणून माझा वर जात नाही."

"मग करणार काय?"

"रीत आहे ती करणार."

रीत अशी आहे की मेज चालवणारा पाळक लोकांना देण्याआधी स्वतः घेतो. आणि शेजारी दुसरा पाळक उभा असेल, तर त्याच्या हातून घेतो. कारण त्या मेजाशी कुणी स्वतःचं स्वतः वाढून घेत नसतं. वर्षभर सरांनी लोकांकडे पाठ करून, घाईघाईने, स्वतःच्याच हाताने घेतलं होतं.

ईस्टरला देऊळ गच्च भरलं होतं. पताका, झेंडू, नव्या कपड्यांची खळ. सरांनी भाकर उचलली, त्या पारदर्शक आवाजात आशीर्वादाचे शब्द म्हटले, मोडली. ते पाठ फिरवणार एवढ्यात मी थाळीतला एक तुकडा उचलला आणि त्यांच्यासमोर धरला.

पहिल्या बाकावर कुणीतरी खाकरलं.

सरांचा हात निघाला होता. मी शपथेवर सांगतो, तो निघाला होता. बोटं उघडलेली होती. मग त्यांची नजर माझ्या खांद्यावरून पुढच्या बाकाकडे गेली, आणि त्या हाताने वाट बदलली. त्याने प्याल्यावरचं पांढरं वस्त्र सारखं केलं.

"घेतलंय मी," ते पुटपुटले.

त्यांनी घेतलेलं नव्हतं. देवळातल्या प्रत्येकाने ते पाहिलं होतं. ज्या मेजाशी खोटं बोलू नये असं त्यांनी माझ्यासारख्या कितीतरी मुलांना शिकवलं, त्या मेजाशी उभं राहून ते खोटं बोलले. आणि कठड्याशी येऊन गुडघे टेकणाऱ्या वरच्या आळीला, त्याच हाताने, देऊ लागले.

मग मीही रीत मोडली. दुसरी थाळी उचलून मी मधल्या वाटेने थेट दाराजवळच्या बाकांकडे गेलो. आज तरी ओढ्याच्या आळीने थांबायचं नाही. मोशेबाबा कडेला बसले होते. मी तुकडा पुढे केला.

बाबांनी हात जोडले, पण उघडले नाहीत.

"न्हाई, पाळकसाहेब."

"का, बाबा?"

"आमी थांबतो. त्यांनी ज्या हातचं घेतलं त्याच हातचं आमाला येऊ द्या." त्यांना वाटलं असावं की ते हळू बोलताहेत, ऐकायला कमी येणाऱ्या माणसाचा तो आवाज देवळाच्या छताला लागला. "तुमच्या हातचं आमी हितं बसून घेतलं म्हंजी पंगत येगळी झाली की वो. महिन्यातनं येकदा तेवढी येक हाय, ती तरी मोडू नका."

मी तुकडा परत थाळीत ठेवला. त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि ते खरं होण्याइतकं सगळं खोटं आम्ही रचून ठेवलं होतं. पुढे कठड्याशी सर थबकले होते. त्यांनीही ऐकलं होतं. मग ते पुढच्या जिभेकडे वळले, पुढच्या तळहाताकडे. आणि वरची आळी परतल्यावर, नेहमीसारखी, ओढ्याची आळी उठली.

शाल सरांच्या खांद्यावर पडली तेव्हा टाळ्या बराच वेळ वाजल्या. ठराव वाचला गेला. सर आभाराचं बोलले. त्यात आजोबा नव्हते.

त्यांना एस्टीपर्यंत पोचवायला मी गेलो. इतर मंडळी देवळाच्या फाटकातूनच परतली होती. फाट्यावर पिंपळाच्या पारावर आम्ही दोघेच होतो. त्यांच्या काखेत शालीची घडी होती.

"पुढच्या महिन्यात येऊ नका, सर."

"ठराव झालाय."

"ठरावाचं मी बघेन. तुम्ही येऊ नका."

त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. धर्मविद्यालयाच्या वर्गांत ज्या डोळ्यांची मला भीती वाटे, त्या डोळ्यांत त्या दुपारी माझी भीती होती.

"ही धमकी आहे?"

"नाही. तुम्ही मला जे सांगितलंत ते माझ्या घराबाहेर जाणार नाही. तुम्ही आलात तरी जाणार नाही. मी विनंती करतोय. विद्यार्थी म्हणून."

"समजलं मला," ते म्हणाले.

त्यांना समजलं नव्हतं. धूळ उडवत एस्टी आली, ते चढले आणि निंबेगावला पुन्हा कधीच आले नाहीत. मरेपर्यंत ते मला वाटेत टाळत राहिले. कारण त्यांच्या मते मी त्यांना धमकावलं होतं. मी त्यांची विनवणी करत होतो, एवढा विश्वासही ते माझ्यावर ठेवू शकले नाहीत, या गोष्टीवर मी आजही चिडतो. लपून राहिलेल्या माणसाला कुणाची विनवणी ऐकू येत नाही. त्याला सगळीकडून पावलंच ऐकू येतात.

मे महिन्यातल्या पहिल्या रविवारी साडेनऊची एस्टी येऊन गेली. गुरुजी फाट्यावर जाऊन परत आले. देवळामागच्या खोलीत मी दोन्ही बाह्या घालून उभा होतो.

"सर आले नाहीत," ते म्हणाले. "आज नुसती उपासना करा. मेज पुढच्या महिन्यात."

"मेज आज आहे, गुरुजी."

"कुणी येणार नाही, पाळकसाहेब. तुमची शोभा होईल."

"होऊ द्या."

मी मेज मांडलं. भाकर उचलली. माझा आवाज सरांसारखा नव्हता. तो मध्येच चिरकला. मी मोडली, आणि लोकांकडे तोंड करून उभा राहिलो. पहिल्या बाकावर गुरुजी डोळे मिटून बसले होते, प्रार्थनेला लागतात त्याहून जास्त घट्ट मिटून. त्यांच्या शेजारचं कुणी हललं नाही. दुसरं बाक हललं नाही. मागे, बायकांच्या बाजूला, रजनी उठायला लागली आणि मी मानेनेच तिला थांबवलं. माझ्या बायकोने वाचवावं असा तो क्षण नव्हता. पंख्याचा आवाज तेवढा येत होता.

मग दाराजवळ एक काठी वाजली. मोशेबाबा मधल्या वाटेने येत होते, एकेक बाक धरत, पहिल्या बाकापर्यंत. तिथे ते थांबले.

"सर न्हाई आले?"

"नाही, बाबा. आता येणार नाहीत."

"म्हंजी हितं आज येकच हात हाय."

"एकच."

त्यांनी मान वळवून पुढच्या बाकांकडे पाहिलं. एकेक चेहरा पाहिला. गुरुजींच्या मिटलेल्या डोळ्यांपुढे ते जरा जास्तच रेंगाळले.

"आन ह्यातलं कुनी उठंना."

"नाही."

"मग गुरुजी, पाय घ्या की जरा आत," मोशेबाबा म्हणाले, "आज पयला लंबर आमचा." काठी कठड्याला टेकवून, कुरकुरणाऱ्या गुडघ्यांवर ते खाली बसले, आणि त्यांनी दोन्ही तळवे उघडून माझ्यापुढे धरले.